परत आलेली प्लेट

ता. २ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, धाकटीचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तुझ्याशी तुझ्या लेकीबद्दल, आपल्या मासोळीबद्दल बोलायची सोय नाही. ती पोरगी तुझ्या शेजारीच कान टवकारून उभी असते आणि मध्येच ओरडते, की आत्या, मला ऐकू येतंय. म्हणून हे पत्र, आणि तेही घरी नाही, तुझ्या चष्म्याच्या दुकानावर. तिथला एखादा चांगल्या नंबरचा चष्मा लावून वाच. माझं अक्षर तुला माहीत आहे.

आधी बातमी. तुझ्या नणंदेला बढती मिळाली. आमच्या थीम पार्कमधल्या त्या जहाजाच्या आकाराच्या रेस्टॉरंटात आता जांभळा ओटा माझ्या ताब्यात आला आहे. ज्यांना एखाद्या पदार्थाने त्रास होतो, कुणाला शेंगदाणे, कुणाला दूध, कुणाला आपल्या मासोळीसारखं गव्हातलं ग्लूटेन, त्यांचं जेवण फक्त या ओट्यावर होतं. सुऱ्यांच्या मुठी जांभळ्या, कापायच्या फळ्या जांभळ्या, तळणीचं तेलसुद्धा वेगळं. मैद्याची पिशवी त्या बाजूला फिरकत नाही. प्लेट तयार झाली की तिच्यात एक जांभळी काडी खोचायची, टोकाला बोटाएवढा झेंडा असलेली, आणि ज्याने केलं त्यानेच ती हातात धरून टेबलापर्यंत न्यायची. वाटेत कुणाला द्यायची नाही, कुठे टेकवायची नाही. काडी नसेल तर ते जेवण या ओट्यावरचं नाही असं समजा, असं मेनूकार्डाच्या मागे छापलेलंही आहे, पण मेनूकार्डाची मागची बाजू वाचतो कोण.

आमच्या मुख्य आचाऱ्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणतो. ओटा सोपवताना ते म्हणाले, की स्वयंपाक इथे सगळ्यांनाच येतो, मला तुझ्याकडून स्वयंपाक नको, खात्री हवी. मी मान डोलावली. मनात म्हटलं, खात्री कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर एकदा माझ्या वहिनीच्या घरी जेवायला या.

आता मुद्द्याचं. बढतीबरोबर घरच्यांसाठी पास मिळाले आहेत. दादाला आणि दोन्ही पोरांना, मासोळीला नि ढब्बूला, पाठवून दे. तूही ये म्हटलं असतं, पण त्याच आठवड्यात तुमच्या दुकानातली मालमोजणी असते आणि फ्रेम मोजायचं सोडून तू झोपाळ्यात बसणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. माझी अट एकच. डबे द्यायचे नाहीत. मागे आले होते तेव्हा डब्यांची ती चळत बघून गेटवरच्या माणसाने दादाला विचारलं होतं, की तुम्ही आत दुकान टाकणार आहात का. बाकीची पोरं कागदी टोप्या घालून खिदळत जेवत होती आणि आपली मासोळी त्या चळतीमागे बसून एकटी जेवत होती. मला ते बघवलं नाही.

तिच्या दुखण्याचं नाव कळलं तेव्हापासून तिने बाहेरचा घास खाल्लेला नाही. तो एक केक सोडला तर, आणि त्या केकची गोष्ट मला धड कुणी सांगितलीही नाही. आता पोहण्याच्या निवासी केंद्रात तिची निवड झाली आहे. एवढ्या मुलामुलींतून झाली आहे, तिला पोहायला शिकवणारे सर स्वतः घरी येऊन सांगून गेले आणि तू अजून हो म्हणत नाहीस. कारण मला कळतं. तिथे मेसमध्ये जेवावं लागेल. पण वहिनी, तुझा डबा तिच्या मागे कुठवर पोहत जाणार?

रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर पाठव. माझ्यावर तुझा जीव आहेच, तो जरा दोन ओळींत उतरू दे.

तुझी,
धाकटी


ता. ९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा समोर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते. त्यांना वरून तिसरी ओळ वाचायला सांगून मी इकडे तुझी पहिली वाचली. बढतीचं दुकानभर सांगितलं. जांभळा ओटा म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही, पण माझ्या तोंडावरून काहीतरी मोठं असणार एवढं सगळ्यांनी ओळखलं. तू शाळेत असताना घरातलं दूध एकदाही उतू न घालवता तापवलं नाहीस, हे मी कुणाला बोलले नाही. एवढा लोभ तुझ्या वाट्याला पुरे.

आता केकचं ऐक. आजवर सांगायचं टाळत होते.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांच्या घरी सगळी पोरं जमली होती. सरांच्या आईंनी केक केला होता. मासोळीने सांगितलं, की मला हे चालत नाही. त्या म्हणाल्या, की एवढ्याशाने काय होतंय, माझ्या हातचा आहे, म्हातारीचं मन मोडू नकोस. आणि तिने खाल्ला. माहीत असून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिच्या शर्यतीची शिट्टी वाजली तेव्हा ती तलावाच्या बाथरूममध्ये फरशीवर पोट धरून बसली होती. मला त्या बाईंचा राग आला नाही, त्यांना बिचाऱ्यांना कळत नव्हतं. पण हिला कळत होतं. का खाल्लास म्हणून विचारलं तर म्हणाली, की त्यांना वाईट वाटलं असतं.

तेव्हापासून मला जो घोर लागला आहे तो मैद्याचा नाही, तिच्या भिडेचा आहे. पाण्यात ही पोरगी कुणाला जुमानत नाही. जमिनीवर आली, की मोठ्या माणसाचा चेहरा जरा पडला तरी लगेच हो म्हणून मोकळी. केंद्रातली मेस मी जाऊन पाहिली आहे. चांगली आहे, त्यांचीही वेगळी भांडी आहेत. पण तिथे रोज कुणीतरी मायेने काहीतरी पुढे करणार, आणि नाही म्हणायला मी शेजारी नसणार.

तेव्हा पोरांना पाठवते. डबे देत नाही. पण आता माझी अट. त्या दिवशी तू ओट्यावर असायचंस आणि तिच्या दृष्टीस पडायचं नाहीस. आम्ही तिला सांगू, की आत्याची ड्यूटी पार्कात दुसरीकडे आहे, संध्याकाळी भेटेल. जेवण तिने अनोळखी माणसांकडे स्वतःच्या तोंडाने मागायचं, स्वतः चौकशी करायची. केलेलं तुझ्या हातचं असलं, की मीही इथे सुखाने फ्रेम मोजू शकेन. तुझ्या दादाला तोंड बंद ठेवायला बजावलं आहे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला शेजारी बसून गप्प राहायची सवय असते, असं तो म्हणतो. त्याच्याकडे शिकलेलं कुणी तसं म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिला हे जमलं तर केंद्राला हो कळवीन. नाही जमलं तर यंदा नाही, मग ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. असली लपवाछपवी मला आवडत नाही, पण दुसरं काही सुचेना.

तळणीपासून हात जप, आणि आमच्यावरची तुझी माया आहे तशी असू दे.

तुझी,
वहिनी


ता. २१ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत दादाकडून तू बरंच काही ऐकलं असशील. तरी माझ्याकडूनही ऐक, कारण मधल्या दारामागे काय चाललं होतं ते त्याला माहीत नाही. आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी चुकलो ते आम्ही दोघं बहीणभाऊ. मासोळीचं काही म्हणजे काही चुकलं नाही.

जेवायला आले तेव्हा जहाज तुडुंब भरलं होतं. आमच्या छपरावरून रोलर कोस्टरची मोठी गाडी वळण घेत जाते, ती गेली की भिंतीवरचे झारे एकमेकांवर आपटून खणखणतात, आणि पोरं ओरडतात ती वेगळीच. दादा त्याच गाडीतून उतरून आला होता. तोंड भाजी धुतलेल्या पाण्यासारखं झालं होतं. दिवसभर लोकांना ब्रेक दाबायला शिकवणारा माणूस, त्याला ब्रेकच नसलेल्या गाडीत बसवलं तर दुसरं काय होणार. ढब्बूने आल्या आल्या कागदी टोपी घातली. मासोळीने मेनूकार्ड उचललं, पुढून वाचलं, उलटं केलं आणि मागची बाजू बोट फिरवत वाचली. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या गोल काचेतून बघत होते.

वेटर गेला तेव्हा तिने वर्गात करतात तसा हात वर केला. तो नंतर मला म्हणाला, की पहिला प्रश्न ऐकायला मला वाकावं लागलं. जांभळ्या ओट्यावरचं मिळेल का, असं ती विचारत होती. मग बटाट्याचे काप कुठल्या तेलात तळता, मग बर्गरचा पाव कुठल्या पिठाचा, तो गरम करता तो तवा वेगळा का. शेवटच्या प्रश्नाला तो सरळ उभा होता, असं म्हणाला. वहिनी, तुझ्या परीक्षेत ती तिथेच पास झाली होती. मी गप्प माझं काम केलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

पण मी आत्या आहे ना. त्याच सकाळी मी एका कॉलेजातल्या मुलीला प्लेट नेऊन दिली होती. मैत्रिणींपैकी कुणीतरी त्या झेंड्याकडे बघून फिस्सकन हसली आणि त्या मुलीने काडी उपटून रुमालाखाली दडपली. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मासोळीचा बर्गर तयार झाला, तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाचा पाव मस्त फुगला होता, काप कुरकुरीत झाले होते. शेजारच्या ओट्यावर ढब्बूचीही प्लेट तयार होती. दोन्ही अगदी सारख्या. मला वाटलं, आज एक दिवस तरी तिची प्लेट भावासारखीच दिसू दे. मी काडी खोचली नाही. टेबलाजवळ मला जायचं नव्हतंच, म्हणून प्लेट वेटरच्या हातात दिली. वस्तादांचे दोन्ही नियम एका दमात मोडले. वस्ताद तेव्हा कोठीत होते.

मग मी दार थोडं लोटून उभी राहिले. कौतुक बघायला.

तिने पाव उचलून आत बघितलं. प्लेट फिरवून बघितली. वेटरला विचारलं, की काडी कुठे आहे. तो बिचारा म्हणाला, की आतूनच आलंय, चांगलंच आहे. तिने हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. ढब्बूच्या हनुवटीवरून सॉस ओघळत होता. सकाळपासून हिच्या पोटात एक केळं होतं. कापांची वाफ तिच्या तोंडावर येत होती, मला दिसत होतं.

दादाला राहवलं नाही. त्याला माहीत होतं ना, की आत मी आहे. तो म्हणाला, की खा, खात्रीचं आहे. ती म्हणाली, काडी नाही. तो म्हणाला, मी सांगतोय ना. तिने विचारलं, की बाबा, तुम्ही करताना बघितलंत का. त्याचा आवाज चढला. बाप सांगतोय तरी विश्वास नाही का, असं काहीतरी म्हणाला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, दादाचे कान लाल झाले आणि तिचे डोळे भरून आले.

मला वाटलं, आता खाईल. खरं सांगू, मनातून मलाही वाटत होतं, की खाऊन टाक गं बाई, चोख आहे, माझ्या हातचं आहे. आणि हे मनात आलं त्याच क्षणी मला सरांच्या आई आठवल्या. त्याही हेच म्हणाल्या होत्या.

मासोळीने दोन्ही हातांनी प्लेट पुढे सरकवली. पाणी गालांवर तसंच होतं, पण आवाज सगळ्या जहाजाला ऐकू गेला. ती म्हणाली, की बाबा, तुम्हाला वाईट वाटलं तरी चालेल, मी हे खाणार नाही.

आमच्याकडे प्लेट परत आली म्हणजे आचाऱ्याचं नाक कापलं गेलं. मी ओट्यावर आल्यापासून एकही परत आलेली नव्हती. वस्ताद तेवढ्यात कोठीतून बाहेर आले, त्यांनी प्लेट पाहिली, काडी कुठे म्हणून विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ती प्लेट कचऱ्यात रिकामी केली, गोल काचेतून बाहेर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, की आज माझं काम त्या पोरीने केलं, आता तू तुझं कर. मी पहिल्यापासून पुन्हा सगळं केलं. काडी खोचली. प्लेट दोन्ही हातांत धरून स्वतः निघाले. कुणापासून काय लपवायचं राहिलं होतं आता.

ढब्बू आत्या म्हणून ओरडला. मासोळी उठली नाही. डोळे एवढे मोठे झाले, पण जागची हलली नाही. तिने मला विचारलं, हातमोजे बदललेस का. मी म्हटलं, हो. फळी कुठली. जांभळी. तेल. वेगळं. मी तिला एकेक उत्तर असं दिलं जसं कुणा अनोळखी बाईंना देते. मग तिने बर्गर उचलला. सगळा खाल्ला, काप खाल्ले, बोटाला लागलेलं मीठ चाटलं, आणि मग उठून तेलकट हातांनी मला मिठी मारली. आत्या, तू इथे कशी, हा प्रश्न त्यानंतरचा. मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं, तुझ्या अटीचं, काडीचं आणि त्या कॉलेजातल्या मुलीचंही. तिने मिठी सोडली. गेटपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही, एक ढब्बू सोडून.

वहिनी, अट आम्ही मोडली. तू निकाल देताना आमची चूक तिच्या पदरात टाकू नकोस. एवढ्या वर्षांत माझं जेवण कितीकांनी वाखाणलं, पण अभिमानाने छाती भरून आली ती हे जेवण नाकारलं गेलं त्या दिवशी. वेड्यासारखं वाटेल, पण तसं आहे. आमच्या घरची पोरगी आहे ती, आणि मी ते स्वयंपाकघरात सगळ्यांना दोनदा सांगितलं.

चुकलेल्या माणसावर जेवढा ठेवता येईल तेवढा लोभ ठेव.

तुझी,
धाकटी


ता. २३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (असं लिहायचं असतं, असं बाबांनी सांगितलं.)

मी तुझ्यावर रागावले होते. आईवर जास्त. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी परीक्षा घेतली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं असतं तरी मी तेच केलं असतं. पोहण्याच्या परीक्षेला निदान तारीख तरी कळवतात.

गाडीत मला वाटलं, बाबा अजून चिडले आहेत. मग पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, की मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सिग्नल दिसला नाही तर थांबायचं, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवू दे. आणि आज तू थांबलीस तर मागून हॉर्न वाजवणारा मीच. ते मला सॉरी म्हणाले. मग त्यांनी ही सगळी गोष्ट पेट्रोल भरणाऱ्या काकांना सांगितली. ते काका म्हणाले, किती रुपयांचं टाकू.

आता महत्त्वाचं. पुन्हा कुणाचीही प्लेट काडीशिवाय पाठवू नकोस. तुला वाटलं, मला लाज वाटेल. मला लाज नाही वाटत आत्या, मला भूक लागते. काडी असली की मी सगळ्यांसारखी जेवते. काडी नसली की सगळे जेवतात आणि मी बघत बसते, म्हणजे तेव्हा मी वेगळी दिसते. त्या कॉलेजच्या ताईचं तू मला सांगितलंस ना, तिला पण हे सांग, परत आली तर.

आणि एक तुला एकटीला सांगते. बाबा ओरडले तेव्हा मला खावंसं वाटलं होतं. भुकेने नाही. त्यांचा चेहरा बघून. माझा हात प्लेटपर्यंत गेला पण होता. मग मला तलावावरची ती फरशी आठवली, किती गार होती ते, आणि बाहेर शिट्टी वाजली ते. म्हणून मी प्लेट ढकलली. ढकलल्यावर मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर होईल. पण काहीच झालं नाही. बाबा बाबाच राहिले.

आई केंद्राबद्दल अजून काही बोललेली नाही. मी विचारणार नाही. ढब्बू विचारतोय, की तुमचं जहाज कधी पाण्यात सोडणार.

मी आता तुझ्यावर रागावलेली नाही, तेव्हा तूही माझ्यावर होतीस तेवढीच माया कर, जास्त नको. जास्त केलीस की तू गडबड करतेस.

तुझी,
मासोळी


ता. २८ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, घरी आणून वाचलं, आणि तुझ्या दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. भाजीच्या पाण्यापर्यंत तो हसत होता. पुढे हसला नाही. आता तो गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी लेकीची गोष्ट सांगतो, आणि त्यात स्वतःला मुळीच सोडत नाही. काल एकजण म्हणाला म्हणे, की सर, ते कळलं, पण क्लच कधी शिकवणार.

तुझ्यावर रागावले नाही. काडीपायी तू जे केलंस ते माझ्या हातूनही झालं असतं. पण खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचूनही माझ्याच्याने लगेच हो म्हणवेना. एवढा अभिमान वाटत होता, की येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले होते, आणि तरी आत कुठेतरी धाकधूक होती. मनात यायचं, बापाला नाही म्हणणं एक, परक्याला म्हणणं दुसरं, बाप काही झालं तरी आपलाच. एकदा जमलं म्हणून रोज जमेल कशावरून. माझी शंका संपतच नव्हती.

रविवारी सर उत्तर विचारायला आले. मी त्यांना दुपारी जेवूनच जा म्हटलं. मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी सूप केलं होतं, मैदा लावून दाट केलेलं, आणि छोट्या पातेल्यात मासोळीचं वेगळं, बिनमैद्याचं. आमच्या घरी तिचा डाव वेगळा आहे, हिरव्या दांड्याचा, तिच्या पातेल्याशिवाय तो कशात बुडत नाही. हे तुला माहीत आहे. हे तमाम नातेवाइकांना माहीत आहे, सगळे त्यावरून मला हसतात.

मी वाढत होते आणि सरांशी बोलत होते. मेसबद्दलच विचारत होते, तिथली भांडी कोण घासतं वगैरे. मासोळीने वाटी पुढे ओढली आणि चमचा हातात घेतला नाही. तिने विचारलं, की आई, तू कुठल्या डावाने वाढलंस.

मला राग आला, धाकटे. खोटं कशाला सांगू. पाहुण्यासमोर, माझ्या घरात, माझ्या हाताने वाढलेलं, आणि मला विचारतेस? ज्या बाईने तुझ्यासाठी घरातल्या पिठाची चाळणसुद्धा वेगळी ठेवली तिला? मी म्हटलं, अगं, मी वाढलंय. तर ती शांतपणे म्हणाली, की हो, तरी सांग.

मी हातातल्या डावाकडे बघितलं. काळ्या दांड्याचा होता. मोठ्या पातेल्यातला. हिरवा भिंतीवर आपल्या जागी कोरडा लटकत होता.

काचेत केसाएवढी चूक असली तरी मला दिसते, तेच माझं काम आहे. या घरात माझ्या हातून अशी चूक आजवर झाली नव्हती. मासोळी उठली, तिने स्वतःची वाटी मोरीत ओतली. छोटं पातेलंही ओतून टाकलं, कारण तोच डाव त्यात बुडाला होता. हात धुतले, दोन अंडी उकडायला ठेवली, आणि ती होईपर्यंत सरांशी पाण्यात पलटी कशी मारायची त्यावर वाद घालत बसली. माझा चेहरा पडलेला तिला दिसत होता, तिने तो पडू दिला.

मी ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं. त्यात दुःखाचा वाटा फार थोडा होता. इतके दिवस मी एकच विचारत होते, की माझ्याशिवाय हिचं कसं होईल. त्या दुपारी तिने स्वतःला माझ्यापासून सांभाळलं.

सरांना मी जेवतानाच हो सांगितलं. मासोळीने अंडं सोलता सोलता एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मीठ मागितलं.

आमच्यावर लोभ ठेव, आणि कधी नाही म्हणायची वेळ आली तर खुशाल नाही म्हण. त्याने या घरातला लोभ कमी होत नाही, हे आता आम्हाला कळलं आहे.

तुझी,
वहिनी